भाताचा ढीग आणि खोबरेलाचा चमचा

रक्त काढलं, ट्यूब अर्धा तास उभी ठेवली आणि मग दहा मिनिटं सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली, की खाली तांबडा गोळा बसतो आणि वर सीरम सुटं होतं. निरोगी माणसाचं सीरम पेंढ्याच्या रंगाचं, आरपार दिसणारं. पण महिन्यातून एखाद-दुसरी ट्यूब अशी निघते की वरचा थर पांढराफटक असतो, सोलकढीसाठी काढलेल्या नारळाच्या पहिल्या रसासारखा. ट्यूबच्या मागे छापील कागद धरला तर अक्षर दिसत नाही. यंत्र ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तात फिरणारी चरबी, ९०० नाहीतर १२०० दाखवतं आणि एलडीएलचा, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉलचा, रकाना रिकामा सोडतं.

सिंधुदुर्गातल्या एका तालुक्याच्या गावी मी बावीस वर्षं लॅबमध्ये रक्त तपासते आहे. अशा माणसाला ट्यूब दाखवली की तो एकच प्रश्न विचारतो, "बाय, म्हणजे आता खोबरां बंद?" नारळाच्या रसासारखं दिसतंय म्हणजे नारळानेच केलं, असा सरळ हिशोब. भाताचं नाव कोणी काढत नाही. रात्रीच्या क्वार्टरचं तर नाहीच नाही.

गेल्या पाच-सहा वर्षांत दुसऱ्या तऱ्हेचे लोक येऊ लागलेत. यांनी भात सोडलाय, साखर सोडलीय, वजन उतरवलंय आणि सकाळी उपाशीपोटी घाण्याचं खोबरेल दोन मोठे चमचे पितात. सीरम काचेसारखं. ट्रायग्लिसराइड ८०. एलडीएल २१०. पहिला आकडा ते दहा जणांना दाखवतात, दुसऱ्यावर बोट ठेवलं की हसतात.

पहिल्याने संशय चुकीच्या माणसावर घेतला आणि दुसऱ्याने चुकीच्या माणसाला देव्हाऱ्यात बसवलं. कोकणातल्या ताटातला भात कमी झाला पाहिजे, याबद्दल मला आता शंका उरलेली नाही. पण भात उठला की त्याच्या जागी कोण येऊन बसतं, त्यावर रक्ताचं पुढचं ठरतं. ती जागा खोबरेलाला द्यायचं काही कारण नाही. तिथे बसायला लायक मंडळी आमच्या समुद्रात आणि आमच्या डोंगरावर आधीपासून आहेत, फक्त त्यांना कोणी पंगतीला बोलवत नाही.

आधी भाताचं बघू. मागच्या पावसाळ्यात काकीकडे गेले तेव्हा स्वयंपाकघरातला छोटा काटा काढून तिच्या दुपारच्या ताटातला भात मोजला. ती चिडली. "माझो भात काय सोन्याचो आसा, जोखूक?" ४२० ग्रॅम निघाला. शिजलेल्या शंभर ग्रॅम भातात साधारण २८ ग्रॅम कर्बोदकं धरली तर एका जेवणात ११८ ग्रॅम. सकाळी पेज झाली होती, रात्री पुन्हा भात होताच. मधे दोन चहा, बिस्किटं, आणि दुपारी कोणीतरी आलं म्हणून कोकम सरबत, त्यात कोकमापेक्षा साखरेचाच पाक जास्त. ताटात बांगडा एकच होता. भाताच्या ढिगाला खड्डा करून ओतलेल्या सारात त्याचं शेपूट तेवढं बाहेर दिसत होतं.

हे सगळं पचून ग्लुकोज होतं. स्नायू कामात असतील तर ते ओढून घेतात. नसतील तर यकृत आपलं कोठार भरतं, आणि कोठार भरल्यावरही माल येतच राहिला तर त्याची चरबी करून, पुड्या बांधून रक्तात सोडतं. या पुड्यांचं नाव व्हीएलडीएल, आणि आतला माल म्हणजे ट्रायग्लिसराइड. माणसाचं पोट सुटलेलं असेल, इन्सुलिनला शरीर दाद देत नसेल, तर पोटावरची चरबीही यकृताकडे धावते आणि पुड्या दुप्पट वेगाने सुटतात. रक्तात त्या एचडीएलशी, म्हणजे ज्याला 'चांगलं' कोलेस्टेरॉल म्हणतात त्याच्याशी, मालाची अदलाबदल करतात. अशा व्यवहारात सापडलेलं एचडीएल लवकर रक्ताबाहेर जातं, आणि एलडीएलचे कण आकसून लहान होतात. म्हणून ट्रायग्लिसराइड वर आणि एचडीएल खाली ही जोडी रिपोर्टात बहुतेकदा हातात हात घालूनच येते. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमधल्या आहरेन्स यांनी हे १९६१ साली मांडलं होतं. जेवणातली चरबी कमी करून कर्बोदकं वाढवली तर पुष्कळ माणसांच्या रक्तातली चरबी उलट वाढते. साठ वर्षं जुनी गोष्ट आहे, मोबाइलवर आता पोचली.

आपल्या लोकांत हीच जोडी सगळ्यात जास्त. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) इंडियाब या मधुमेहाच्या पाहणीत तमिळनाडू, महाराष्ट्र, झारखंड आणि चंदीगड इथल्या लोकांचं रक्त तपासलं गेलं. २०१४ साली आलेले त्याचे आकडे माझ्या टेबलाच्या काचेखाली आहेत. ७२.३ टक्के लोकांचं एचडीएल कमी, २९.५ टक्क्यांचं ट्रायग्लिसराइड जास्त, आणि एलडीएल जास्त असलेले फक्त ११.८ टक्के. म्हणजे ज्या एलडीएलच्या भीतीने आम्ही दोन पिढ्या खोबऱ्याकडे आणि अंड्याच्या पिवळ्या बलकाकडे डोळे वटारून बघितलं, त्याहून मोठा घोटाळा दुसऱ्याच रकान्यात होता. याच पाहणीतून २०२५ साली आलेल्या अभ्यासात भारतीय माणसाच्या जेवणातल्या कॅलरींपैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून येतात असं दिसलं. त्यातला एक मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. पांढरा भात काढून त्या जागी तेवढीच गव्हाची पोळी नाहीतर नाचणी-बाजरी घातली, तर मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसत नाही. धान्याची जात बदलून भागत नाही. मापच कमी व्हायला हवं, आणि त्या जागी डाळी, अंडी, मासे, दूधदुभतं यांतलं प्रथिन यायला हवं.

इथे मला कायम एक प्रश्न टाकला जातो, तो रास्त आहे. आमच्या आज्याने आयुष्यभर भातच खाल्ला, तो नव्वदीपर्यंत कसा जगला? एक तर जे साठीला गेले त्यांचं उदाहरण कोणी देत नाही. दुसरं, आज्याने इतका भात खाल्लाच नव्हता. वरकस जमिनीतली नाचणी, वरी, हरीक यांवर वर्ष निघायचं, आणि भात असायचा तोही हातसडीचा नाहीतर उकडा, पेजेच्या पाण्यासकट. आणि तिसरं म्हणजे तो मिरगापासून चिखलात असायचा. तरवा काढायचा, मुठी बांधायच्या, वाकून लावणी करायची, भाऱ्याने गवत वाहायचं. त्याच्या स्नायूंनी यकृताकडे जायला काही ठेवलंच नाही. आता काकीच्या घरची शेती पड आहे, मुलगा मुंबईला, आणि बाजारात जायचं तर दारात रिक्षा येते. शेत पड पडलं, ताट मात्र लावणीच्या दिवसातलंच राहिलं.

तेव्हा भात कमी करा म्हणणाऱ्यांशी माझं भांडण नाही. भांडण पुढच्या पायरीवर आहे.

माझा चुलतभाऊ डोंबिवलीला असतो. पंचेचाळीसचा, पोट थोडं सुटलेलं, बाकी अंगाने किरकोळच. व्हिडिओ बघून त्याने भात-पोळी बंद केली आणि सकाळच्या कॉफीत लोणी आणि खोबरेल घुसळून प्यायला लागला. सहा महिन्यांनी गणपतीत गावी आला तेव्हा शर्ट खांद्यावरून ओघळत होता. रक्त माझ्याच लॅबमध्ये दिलं. आधीचा रिपोर्ट असा होता: ट्रायग्लिसराइड २६०, एचडीएल ३४, एलडीएल १२१. आताचा: ट्रायग्लिसराइड ९५, एचडीएल ४५, एलडीएल २०४. "ताई, ट्रायग्लिसराइड बघ की! आणि एचडीएल कधी चाळीसच्या वर गेलं होतं का माझं?" खरं होतं. पहिल्या दोन रकान्यांत गोळ्या घेऊनही इतका फरक सगळ्यांना पडत नाही.

मी त्याला पेन दिलं आणि एकच वजाबाकी करायला लावली, ती कोणीही घरी करू शकतो. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करायचं. जे उरतं ते रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरू शकणाऱ्या सगळ्या कणांमधलं कोलेस्टेरॉल. आधी २०७ उणे ३४, म्हणजे १७३. आता २६८ उणे ४५, म्हणजे २२३. तो गप्प झाला. मग म्हणाला, "पण ते व्हिडिओवाले सांगतात की आता माझं एलडीएल मोठं आणि मऊ आहे, ते धोक्याचं नसतं."

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता पाठ झालंय. लहान कण वाईट हे खरं, पण म्हणून मोठे निरपराध ठरत नाहीत. भिंतीत शिरण्याचा सवाल कणांच्या संख्येचा आहे, आणि इतकं एलडीएल वाढलं की संख्याही बहुधा वाढलेलीच असते. ज्यांना जन्मजात एलडीएल फार असतं त्या घराण्यांत माणसं तिशी-चाळिशीत हृदयविकाराने जातात. ब्राउन आणि गोल्डस्टाइन यांनी त्याच रुग्णांच्या पेशींवर काम करताना शोधून काढलं की पेशींवर, मुख्यतः यकृताच्या, एलडीएल पकडणारे जणू हुकासारखे आकडे असतात, आणि या लोकांत ते कमी असतात किंवा बिघडलेले असतात. १९८५ साली त्यांना नोबेल मिळालं. लोणी, तूप, पाम तेल, खोबरेल यांतली संपृक्त चरबी, म्हणजे थंडीत गोठणारी, याच आकड्यांचं काम मंदावते. आकडे मंदावले की एलडीएल रक्तात फिरत राहतं. भाऊ जे करत होता ते म्हणजे पुढच्या दाराने येणाऱ्या पुड्या बंद करून मागच्या दाराची कडी घालून घेणं.

सगळ्यांचं असं होत नाही, हेही सांगायला हवं. कमी कर्बोदकांच्या आहाराने बऱ्याच जणांचं एलडीएल जेमतेम हलतं, काहींचं उतरतंही. ज्यांचं उसळतं ते बहुतेकदा अंगाने सडपातळ. अमेरिकेत स्टॅनफर्डला ६०९ माणसांना वर्षभर दोन गटांत ठेवलं, एकाला कमी चरबी, दुसऱ्याला कमी कर्बोदकं. २०१८ साली निकाल आला. दोन्ही गटांचं वजन सारखंच पाच-सहा किलोंनी घटलं. कमी कर्बोदकांच्या गटात ट्रायग्लिसराइड जास्त उतरलं, एचडीएल वाढलं, एलडीएल किंचित चढलं. कमी चरबीच्या गटात एलडीएल उतरलं. म्हणजे दोन्ही बाजूंचे वकील आपापला रकाना दाखवून केस जिंकू शकतात, आणि ते तेच करतात.

खोबरेलाबद्दल बोलताना कोकणात जरा जपून बोलावं लागतं. नारळ हे आमच्याकडे नुसतं फळ नाही. गाऱ्हाण्यापासून केसांच्या वेणीपर्यंत सगळीकडे तो आहे. पण तेलाची गोष्ट साधी आहे. खोबरेलात सुमारे नव्वद टक्के चरबी संपृक्त, त्यातली निम्मी लॉरिक आम्लाची. या लॉरिकमुळे एचडीएलही वाढतं, हा खोबरेलवाल्यांचा हुकमी एक्का. २०२० साली सोळा प्रयोगांचा एकत्र आढावा आला. पाम सोडून इतर वनस्पती तेलांच्या तुलनेत खोबरेलाने एचडीएल सरासरी ४ने वाढलं आणि एलडीएल १०ने. आता एचडीएल वाढलं म्हणजे हृदय वाचलं असं समजण्याचे दिवस गेले. टॉरसेट्रापिब नावाचं औषध एचडीएल दीडपटीच्या वर न्यायचं. औषध घेणारी माणसं जास्त मेली म्हणून डिसेंबर २००६मध्ये प्रयोग मधेच थांबवावा लागला. एचडीएल हा पोलीसपाटील आहे, गावात त्याची संख्या वाढवून चोऱ्या थांबतातच असं नाही.

मग खोबरेलवाले पॅसिफिक समुद्रातली बेटं काढतात. टोकेलाऊ आणि पुकापुका. तिथल्या लोकांचा अभ्यास १९८१ साली प्रसिद्ध झाला. टोकेलाऊची माणसं ६३ टक्के ऊर्जा नारळातून मिळवायची आणि हृदयविकार तिथे विरळा. खरं आहे. पण पुढचंही वाचावं. टोकेलाऊवाल्यांचं कोलेस्टेरॉल पुकापुकावाल्यांपेक्षा जास्तच होतं, नारळही ते जास्त खात. ते खोबरं खात, दूध काढत, सोबत मासे, आणि साखर फार थोडी. बाटलीतलं तेल चमच्याने पीत नव्हते. आणि मला त्या अभ्यासातला शेवटचा भाग सगळ्यात जवळचा वाटतो. टोकेलाऊची जी माणसं पोटासाठी न्यूझीलंडला गेली त्यांच्या जेवणात नारळ घटला, साखर आणि इतर कर्बोदकं वाढली. त्यांचं ट्रायग्लिसराइड वाढलं, एचडीएल उतरलं, आणि एलडीएलही वाढलं. ते त्यांचे चाकरमानी. परळ-लालबागच्या खोल्यांत राहून वडापाव आणि चहावर दिवस काढलेल्या आमच्या दोन पिढ्यांची गोष्ट याहून फार वेगळी नाही.

म्हणून ओल्या खोबऱ्यावर माझा राग नाही. पाच माणसांच्या घरात वाटणाला अर्धा नारळ गेला तर माणशी आठ-नऊ ग्रॅम चरबी येते, सोबत चोथाही येतो. भावाच्या दोन मोठ्या चमच्यांत मात्र २८ ग्रॅम तेल, त्यात पंचवीसेक ग्रॅम संपृक्त. जागतिक आरोग्य संघटनेचा दहा टक्क्यांचा नियम लावला तर दोन हजार कॅलरी खाणाऱ्याची दिवसाची मर्यादा २२ ग्रॅम. कॉफीच्या कपातच दिवस संपला. वाटणातल्या खोबऱ्याला आणि पेल्यातल्या तेलाला एकाच नावाने हाक मारणं हीच पहिली चूक.

बरं, मग त्या जागी काय? इथे आमचं दुर्दैव असं की सगळे सल्ले भूमध्य समुद्रावरून येतात. स्पेनमधला प्रेडिमेड प्रयोग २०१३ साली गाजला, त्यातल्या त्रुटी दुरुस्त करून २०१८ला पुन्हा छापला गेला, निष्कर्ष टिकला. ऑलिव्ह तेल किंवा सुका मेवा भरपूर असलेल्या भूमध्यसागरी आहाराने हृदयविकार आणि अर्धांगवायूचे झटके सुमारे तीस टक्क्यांनी कमी. उत्तम. पण म्हणून कणकवलीतल्या माणसाने ऑलिव्हची बाटली आणायची काय गरज? शेंगदाणा तेलात जवळजवळ निम्मी चरबी ऑलिव्हमध्ये मुख्य असलेल्या ओलेइक जातीचीच. आणि काजू तर आमच्या कातळावरचाच. काजूगरातही ओलेइकच जास्त. चेन्नईत ३०० मधुमेहींवर झालेला प्रयोग २०१८ साली आला. अर्ध्या लोकांना बारा आठवडे रोज तीस ग्रॅम काजू दिले. एचडीएल थोडं वाढलं, वरचा रक्तदाब थोडा उतरला, एलडीएल वाढलं नाही. काजूने कोलेस्टेरॉल वाढतं हे मी लहानपणापासून ऐकत आले, आणि ते सांगणाऱ्यांच्या घरी काजू पाहुण्यांच्या डब्यात कुलूपबंद असायचे. जगाला गर विकायचे आणि आपण टोस्ट बुडवायचा.

जाता जाता मुठेलाचं सांगते, कारण त्याची आठवण आता फक्त भेगा पडलेल्या टाचांना आहे. कोकमाच्या बियांचं हे घट्ट तेल, मुठीत वळून ठेवलेलं. पूर्वी गरिबाघरी भाकरीला, भाजीला लागायचं. तेही संपृक्तच, गोठतं म्हणून तर मूठ वळते. पण त्यातली अर्ध्याहून जास्त चरबी स्टिअरिक आम्लाची, आणि संपृक्तांमध्ये हे एकच असं मोठं आम्ल की जे एलडीएल फारसं हलवत नाही. उरलेल्यात बहुतांश ओलेइक. मुठेल प्या असं मी म्हणत नाही. पण 'पारंपरिक' म्हणून मिरवायचंच होतं तर याने कोणाचं काय घोडं मारलं होतं? बाटलीवर लेबल लावून विकणारा भेटला नाही, एवढंच.

खरा मानकरी मात्र मासा. सगळेच मासे नव्हेत. पापलेट आणि सुरमई ही पाहुण्यांची. ट्रायग्लिसराइडला उतरवणारं ओमेगा-३ भरपूर असतं ते बांगड्यात आणि तारलीत, जी बाजारात टोपलीच्या तळाशी असतात आणि हॉटेलच्या मेन्यूवर नसतात. ते यकृतालाच सांगतं की पुड्या कमी बांध. आठवड्यातून तीन-चार वेळा असा तेलकट मासा, सारात किंवा तव्यावर थोड्या तेलात, सोबत कुळथाची पिठी, वालाचं बिरडं, भाजी, आणि भात एक पळा. पिठलं असो की पिठी, त्यात प्रथिनही येतं आणि चोथाही. या ताटाला कमी कर्बोदकांचा आहार म्हणा किंवा नका म्हणू. काकीच्या भाषेत हे 'आमटी वरकड, भात तोंडी लावूक'.

दारूबद्दल दोन वाक्यं, कारण तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. भात निम्मा केला आणि संध्याकाळ तशीच ठेवली तर दुधाळ ट्यूब दुधाळच राहते, कारण यकृताला मद्य मिळालं की ते बाकी सगळं सोडून चरबीच बनवत बसतं. शिमग्यानंतरच्या आठवड्यात आमच्या लॅबमध्ये हे डोळ्यांना दिसतं.

आणि एक इशारा, व्हिडिओत न सांगितलेला. ज्यांचं ट्रायग्लिसराइड हजाराच्या घरात आहे त्यांना स्वादुपिंडाला सूज येण्याची भीती असते. अशा माणसाला 'भात सोड आणि चांगलं तूप खा' हा सल्ला घातकी ठरू शकतो. आधी त्याची सगळीच चरबी कमी करावी लागते, खोबरेलाचीही आणि काजूचीही. मधुमेहाच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने डॉक्टरला न सांगता एकदम भात सोडला तर साखर धाडकन उतरते. लघवीतून साखर बाहेर टाकणाऱ्या नव्या गोळ्या चालू असताना कर्बोदकं पार बंद केली तर रक्त आम्लधर्मी होण्याचा धोका. एवढं सगळं तीस सेकंदांत मावत नाही, हे मला समजतं.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसले ते. काकीचं ट्रायग्लिसराइड ३१० आलं तेव्हा तिला एका रुग्णालयातून आहाराचा छापील कागद मिळाला. सकाळी दलिया. दुपारी फुलके दोन, पनीर, सॅलड. रात्री ज्वारीची भाकरी. तेल ऑलिव्ह किंवा करडई. तळाला ठळक अक्षरात: नारळ वर्ज्य. काकीने चष्मा लावून दोन्ही बाजूंनी बघितलं आणि विचारलं, "ह्यात बांगडो खंय आसा?" नव्हता. कुळीथ नव्हता. भात किती खावा हेही नव्हतं, कारण ज्याने हा कागद लिहिला त्याच्या ताटात भात मुख्य नसावा. तिने कागद घडी करून डब्याखाली घातला आणि दुसऱ्या दिवशी ४२० ग्रॅम भात जेवली. दोष तिचा कसा म्हणायचा? पनीर तिने जन्मात विकत आणलं नव्हतं.

रेशनवर प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला पाच किलो धान्य १ जानेवारी २०२३ पासून फुकट मिळतं. उपाशी कोणी राहू नये म्हणून ते हवंच, त्याला माझा विरोध नाही. पण जे फुकट घरात येतं तेच ताटात चढतं, आणि त्यात डाळ-कडधान्य नाही. धान्यासोबत महिन्याला किलोभर कुळीथ किंवा तूर दिली, तर काकीच्या ताटाला सल्ल्याचा कागद लागणार नाही. पश्चिम किनाऱ्यावरची तारली ढिगाने फिशमीलच्या कारखान्यात जाते. तिचं पीठ कोंबड्यांना आणि कोळंबीच्या तळ्यांना, तेल बाहेर. मधुमेह आणि ट्रायग्लिसराइडने ग्रासलेल्या किनाऱ्याने स्वतःचं सगळ्यात स्वस्त औषध दळून विकायचं, याला धोरण म्हणतात की आळस, मला कळत नाही. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत तर प्रश्न आणखी बिकट. तेव्हा सुकं खायचं, आणि सुक्या बांगड्यातलं मीठ रक्तदाबवाल्याला चालत नाही. त्या दोन महिन्यांत अंडी आणि कडधान्यं स्वस्त मिळायला हवीत, ही मागणी कोणत्याच सभेत मी ऐकलेली नाही. आणि आरोग्य केंद्रात साखर नि रक्तदाब मोजतात तसं लिपिडही, म्हणजे रक्तातली चरबीही, मोजायला काय हरकत आहे? उपाशीपोटी या, असा हट्टही आता नाही. २०१६पासून युरोपातले तज्ज्ञ पहिल्या तपासणीला जेवून आलेलं चालतं म्हणतात. आमच्याकडे बहुतेकांची पहिली लिपिड तपासणी छातीत कळ आल्यानंतर होते.

भावाने खोबरेल आणि लोणी सोडलं, भात एक वाटीवर ठेवला, आठवड्याला चार दिवस मासे खातो. दहा आठवड्यांनी एलडीएल १३८, ट्रायग्लिसराइड १०८. काकीचं ट्रायग्लिसराइड १९०वर आलं, एलडीएल मात्र होतं तिथेच राहिलं, म्हणून डॉक्टरांनी रात्रीची गोळी चालू केली आणि ती न कुरकुरता घेते. गोळीचा राग धरणाऱ्यांनीही हे ऐकून ठेवावं, ताटाने सगळं होतंच असं नाही.

तो छापील कागद मी परत मागून घेतला आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर आमच्याकडच्या जेवणाची अर्ध्या पानाची यादी लिहिली. डॉक्टरांनी दोन ओळी खोडल्या, एक वाढवली. तिची झेरॉक्स लॅबच्या भिंतीवर, रांगेतल्या बाकाच्या वर चिकटवली आहे. मागच्या आठवड्यात कोणीतरी बॉलपेनने 'तारली'च्या पुढे 'पेडवे पण' असं लिहून गेलंय. बरोबरच आहे ते, पेडवे म्हणजे तारलीच्याच कुळातले छोटे मासे. त्याच्याखाली दुसऱ्या अक्षरात 'कडक तळून' होतं, तेवढं मी खोडलं.